गावच्या वतीने माईक हातात आल्यावर: यात्रेच्या व्यासपीठावर ओळख कशी करून द्यावी

कावड, पालखी, सासनकाठी किंवा दिंडी घेऊन गाव बाहेर पडलं की वाटेत, मुक्कामाला किंवा यात्रेच्या मंडपात कधी ना कधी पुकारा होतोच: "अमुक गावचे मानकरी आलेत, त्यांनी आपली ओळख करून द्यावी." माईक पुढे सरकतो. ज्याच्या हातात तो येतो त्याला बहुधा आदल्या रात्री कुणीतरी सांगितलेलं असतं, "तू बोल रे, तुला जमतं." मग तो व्यासपीठावरच्या अकरा पाहुण्यांची नावं घेतो, स्वतःची पदं सांगतो, सगळ्यांचे आभार मानतो, आणि खाली बसलेली आजी शेजारणीला विचारते, "कुठलं गाव म्हणाला गं?"

खालून हा प्रश्न येऊ नये, एवढ्यासाठी पुढचं सगळं.

बोलणारा एकच, आणि तो आधी ठरलेला

यात्रा कमिटीच्या बैठकीत गाड्या, मंडप, शिधा सगळं ठरतं. बोलणारा माणूस तेवढा राहून जातो. तो किमान आठ दिवस आधी ठरवा. मानकरी आणि बोलणारा एकच असला पाहिजे असं नाही. मान घराण्याकडे चालत आलेला असतो, बोलण्याची हातोटी तशी चालत येत नाही. बोलणारा वेगळा असेल तर मानकऱ्यांना शेजारी उभं करा आणि त्यांचं नाव ठळकपणे घ्या. ते राहून गेलं तर पुढचं वर्षभर त्या घराचा रुसवा काढत बसावं लागतं.

सुनेनं गावाच्या वतीने बोलायचं असेल तर एक अडचण हमखास येते. "मी अमुक गावची, माझं माहेर तमुक" असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचं नाव राहतं, म्हणजे नेमकं नको ते. ज्या गावाचं प्रतिनिधित्व करताय त्याचं नाव पक्कं बसेपर्यंत माहेराचा उल्लेख नको. अपवाद एकच: यात्रा माहेरच्या गावची असेल आणि तुम्ही सासरची पालखी घेऊन आला असाल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. टाळ्या तिथेच पडतात.

किती वेळ मिळणार हे निवेदकाला विचारा, पण त्यावर विसंबू नका. यात्रेतले कार्यक्रम उशिराच सुरू होतात. त्यामुळे ओळख तीन मापांत तयार ठेवावी: वीस सेकंदांची, दीड मिनिटाची आणि तीन मिनिटांची. व्यासपीठावर सावकाश, स्पष्ट बोलणाऱ्याचा वेग मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द असतो. म्हणजे वीस सेकंदांत ३५ ते ४० शब्द, दीड मिनिटात १५० ते १८०, तीन मिनिटांत ३०० ते ३६०. घरी घड्याळ लावून नेमका दीड मिनिटाचा बसवलेला मजकूर मंडपात पावणेदोन मिनिटं खातो, कारण मध्ये घोष होतो, कुणी टाळी देतं, स्पीकरच्या घुमण्यामुळे थांबावं लागतं. म्हणून लिहितानाच पाचवा हिस्सा कापून टाका.

वीस सेकंदांची आवृत्ती हा नुसता सावधपणा नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ठरावीक सण-उत्सवांना राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. तुमचा नंबर पावणेदहाला लागला आणि मागे अजून चार गावं ताटकळत असली, तर तीन मिनिटं बोलणारा माणूस त्या चारही गावांच्या शिव्या खातो.

गावाचं काय सांगायचं, आणि काय घरी ठेवायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, तेव्हा इथे थोडं थांबू. गावाबद्दल माहिती कमी पडते म्हणून ओळख फसते असं क्वचितच घडतं. ती फसते माहिती जास्त झाल्यामुळे.

सासवडचं उदाहरण घ्या. पुरंदर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण, कऱ्हेच्या काठावर. संत सोपानदेवांची समाधी इथली आणि आषाढीसाठी त्यांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये इथेच वारले. जवळच्या पुरंदर किल्ल्यावर १४ मे १६५७ ला संभाजी महाराजांचा जन्म झाला. १६६५ चा पुरंदरचा तह इथला, आचार्य अत्र्यांचं कोढीत हे जन्मगाव जवळच. आणि शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या चैत्री यात्रेला जाणारी, 'तेल्या भुत्याची' म्हणून ओळखली जाणारी मानाची कावडही सासवडचीच.

आता हा माणूस कावडीबरोबर शिंगणापूरच्या वाटेवर आहे आणि मुक्कामाच्या गावात त्याला बोलायला सांगितलं. त्यानं यातलं काय घ्यावं? कावड. एवढंच. सोपानदेव, अत्रे, तह, पेशवे सगळे घरी. ऐकणाऱ्यांना सासवडचा इतिहास नको असतो. सासवड आज त्यांच्या दारात का आलं, हे हवं असतं. तोच माणूस आषाढात सोपानदेवांच्या पालखीबरोबर असेल तर कावड मागे राहील आणि समाधी पुढे येईल. आपलं गाव आणि हा उत्सव यांना बांधणारा धागा कोणता, हे एका वाक्यात सांगता आलं की निम्मं काम झालं. ते वाक्य आधी लिहा, बाकीचं नंतर.

तो धागा शोधायला वेळ लागतो. गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठा, एकत्र नको. एकत्र बसवले की मोठ्या आवाजाचा जिंकतो. देवस्थानकडे मानाची यादी किंवा सासनकाठ्यांचे, दिंड्यांचे क्रमांक असतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात दिंडीचा क्रमांक रथापुढे की रथामागे यासकट सांगायची पद्धत आहे, तो अर्धाच सांगितला तर जाणकार लगेच भुवया उंचावतात. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, चाळा. देवळावर शिलालेख असेल तर त्यातला शक वाचून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे शके १७०० म्हणजे इ.स. १७७८. मात्र वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनातला लेख असेल तर ७९ मिळवायचे.

जे कागदावर नाही ते "असं सांगतात" म्हणून सांगावं. "आमची ५०० वर्षांची परंपरा" हे वाक्य इतक्या गावांनी इतक्या मंडपांत म्हटलंय की ते आता कुणाच्या कानात शिरत नाही, आणि एखाद्यानं पुरावा मागितला तर पंचाईत. त्यापेक्षा "आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ही काठी खांद्यावर घेतली होती" हे खरंही असतं आणि डोळ्यांपुढेही उभं राहतं.

पहिला मान कुणाचा, कोण कुणाच्या पुढे, यावर दोन गावांत जुना वाद असेल तर व्यासपीठावरून त्यावर अवाक्षर काढू नये. देवस्थानच्या यादीत जो क्रमांक आहे तो म्हणावा आणि पुढे जावं. "खरं तर पहिला मान आमचाच" हे हसत म्हटलं तरी मिरवणुकीत त्याचे पडसाद उमटतात.

गावाचं नाव नीट सांगणं

साधी वाटणारी पण मोठी गोष्ट. महाराष्ट्रात एकाच नावाची गावं ढिगानं आहेत. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचंही. हे तर तालुके झाले. वडगाव, पिंपळगाव, निमगाव यांची गणतीच नाही. म्हणून गाव, तालुका, जिल्हा हे त्रिकूट एकत्र आणि याच क्रमानं सांगावं. नावात खुर्द किंवा बुद्रुक असेल तर ते गाळू नका. मूळ फारसी शब्दांप्रमाणे खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. ही दोन गावं बहुधा शेजारीशेजारी असतात आणि चुकून थोरल्याचं श्रेय धाकट्याला गेलं तर घरी गेल्यावर जाब द्यावा लागतो.

नावाला प्रत्यय लागला की नवा घोळ. "मी अकोल्याचा" म्हणणारा माणूस विदर्भातल्या अकोल्याचा की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा? दोन्हींचं रूप 'अकोल्याचा' असंच होतं. अशा वेळी आधी मूळ नाव प्रत्ययाशिवाय म्हणावं: "गाव अकोले, जिल्हा अहिल्यानगर." मग खुशाल "आम्ही अकोल्याची मंडळी" म्हणा. गावातले लोक नावाचं रूप जसं करतात तसंच करा. मिरजेचा माणूस 'मिरजेहून' आलो म्हणतो, साताऱ्याचा 'साताऱ्याहून'. 'सातारावरून आलो' ऐकलं की सातारकराच्या कपाळावर आठी चढते.

जिल्हा आजचा सांगा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तरी तिकडची कित्येक जुनी पत्रकं अजून 'जि. ठाणे' म्हणतात. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावंही निवेदकाच्या जुन्या यादीत पूर्वीच्या रूपात असू शकतात. ते आधीच बघून घेतलेलं बरं.

मसुदा: काय कोणत्या क्रमानं

दीड मिनिटाची ओळख आधी लिहावी. वीस सेकंदांची त्यातून काढता येते, तीन मिनिटांची त्यात भर घालून होते.

सुरुवात घोषानं. पण घोष त्या देवाचा हवा. ज्योतिबाच्या डोंगरावर 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं', जेजुरीत 'येळकोट येळकोट जय मल्हार', तुळजापुरात 'आई राजा उदो उदो', शिंगणापूरच्या वाटेवर 'हर हर महादेव', वारीत 'राम कृष्ण हरी' किंवा 'पुंडलिक वरदे'. आपल्या ग्रामदैवताचा घोष दुसऱ्याच्या यात्रेत पहिल्यांदा दिला तर समोरून उत्तर येत नाही, आणि पहिलीच हाक वाया गेल्यावर बोलणाऱ्याचा धीर खचतो.

त्यानंतर नमस्कार: देवाला आणि यजमान गावाला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं घेऊ नका. निवेदकानं ती दोनदा तरी घेतलेली असतात, आणि तुम्ही दहांपैकी एक विसरलात तर नऊ जणांचं समाधान त्या एकाच्या नाराजीपुढे टिकत नाही. नियम सोपा आहे, एकतर सगळी नावं किंवा एकही नाही. "व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि इतर गावांहून आलेले मानकरी" यात सगळे येतात.

तिसरं वाक्य गावाचं, चौथं तुमचं. हा क्रम उलटा झाला की ओळख स्वतःची होते आणि गाव शेपटीला लोंबतं. स्वतःबद्दल तीनच गोष्टी पुरतात: नाव, गावातली आळी किंवा वाडी, आणि कुणी पाठवलं. शिक्षण, पतसंस्थेतलं पद, मागच्या वर्षीचा पुरस्कार यातलं काही नको. कुणाला ते ठाऊक हवं असेल तर निवेदकाला आधी सांगता येतं; त्यानं सांगितलं तर शोभतं.

मग तो धागा, दोन किंवा तीन वाक्यांत. मग यजमान गावाला उद्देशून एक वाक्य, त्यांनी आज काय केलं याचं नाव घेऊन. "आपण केलेल्या स्वागताबद्दल मनःपूर्वक आभार" या वाक्याला चव नाही. "दुपारी वेशीवर तुमच्या पोरांनी पाण्याचे हंडे भरून ठेवले होते" याला आहे. हे वाक्य आधी लिहिता येत नाही, त्या दिवशी डोळे उघडे ठेवून मिळवावं लागतं. मसुद्यात त्याच्यासाठी रिकामी ओळ ठेवा. शेवट पुन्हा घोषानं.

सासवडच्या कावडीचं उदाहरण पुढे नेलं तर मसुदा असा दिसेल. टिंबांच्या जागी नावं येतील.

"हर हर महादेव! शंभू महादेवाला आणि आज आम्हाला थारा देणाऱ्या या गावाला नमस्कार. व्यासपीठावरील सर्व मान्यवरांना आणि ठिकठिकाणच्या मानकऱ्यांना राम राम. आम्ही सासवडहून आलो. सासवड, तालुका पुरंदर, जिल्हा पुणे, कऱ्हेकाठचं गाव. कावडीचे मानकरी ... माझ्या शेजारी उभे आहेत. मी ..., राहणार ... आळी. कावड त्यांच्या खांद्यावर, बोलायचं ओझं तेवढं कमिटीनं माझ्यावर टाकलंय. तेल्या भुत्याची ही कावड दरवर्षी चैत्रात पायी शिखर शिंगणापूरला जाते आणि शुद्ध द्वादशीला मुंगी घाटानं वर चढते. तो घाट ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तिथं नुसत्या खांद्यांवर भागत नाही, माणसांची साखळी धरावी लागते, तेव्हा कावड वर जाते. आज दुपारी वेशीवर तुमच्या पोरांनी हंडे भरून ठेवले होते, ती साखळी आमच्यासाठी तिथूनच सुरू झाली. उद्या पहाटे आम्ही निघू. आपण सगळे द्वादशीला घाटात भेटू. हर हर महादेव!"

मोजून पाहा, दीड मिनिटात आरामात बसतं. वीस सेकंदांसाठी यातलं घोष, सासवडचं त्रिकूट, मानकऱ्यांचं नाव, मुंगी घाटाचं एक वाक्य आणि शेवटचा घोष एवढंच उरतं. बोलणाऱ्याचं स्वतःचं नाव त्यात गेलं तरी चालतं.

तीन मिनिटं मिळाली तर नवे विषय आणू नका. त्याच धाग्यात आणखी खोल जा: साखळी कशी धरतात, पुढे कोण असतं, मागे कोण.

'आम्ही' आणि 'आपण'

मराठीत ही सोय आहे आणि बोलताना ती वाया जाते. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. वरचा मसुदा पुन्हा पाहा: गावाबद्दल बोलताना सगळीकडे 'आम्ही', आणि शेवटच्या वाक्यात एकदाच 'आपण सगळे'. तो बदल ऐकणाऱ्याला शब्दात सांगता येत नाही, पण जाणवतो. उलट पहिल्यापासून 'आपण' वापरलं तर "आपण सासवडहून आलो" असं विचित्र काहीतरी होतं. आणि आदरार्थी 'आपण' व हे सर्वांचं 'आपण' एकाच परिच्छेदात मिसळू नका. यजमानांसाठी 'तुम्ही, तुमच्या' पुरेसं आदरपूर्वक आहे.

'मी' किती वेळा आला ते लाल पेनानं मोजा. दीड मिनिटात दोनदा ठीक, चौथ्यांदा आला की कापा.

बोली आपली ठेवावी. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडी, जी घरात बोलता ती. पुस्तकी मराठीत बोलायला गेलं की माणूस 'सदर प्रसंगी', 'उपस्थित राहण्याचे भाग्य लाभले' असल्या शब्दांत अडकतो आणि मग तोंडातून बाहेर पडणं अवघड. फक्त गावाचं त्रिकूट आणि माणसांची नावं प्रमाण उच्चारात, सावकाश. कोकणात एक वेगळं भान ठेवायचं: गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढे मागणं, घालण्याचा अधिकार ठरलेल्या माणसाचा असतो. 'बा देवा महाराजा' म्हणून त्याच थाटात ओळख सुरू करायचा मोह होतो, लोक 'होय महाराजा' म्हणतातही; पण मानकऱ्यांना ते रुचत नाही.

निवेदकाची चिठ्ठी

तुमच्या ओळखीचा पहिला हिस्सा तुमच्या तोंडून होतच नाही, तो निवेदक करतो. त्याला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, ठळक देवनागरीत, तीन ओळींत: गाव-तालुका-जिल्हा, मानकऱ्यांचं पूर्ण नाव, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव. लघुरूपं टाळा. 'बु.' लिहिलं की घाईतला निवेदक खरंच 'बू' वाचतो, 'खु.' चं 'खू' होतं आणि 'मु. पो.' चं 'मुपो'. पूर्ण शब्द लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. बाईच्या नावामागे सौ., श्रीमती की काहीच नको, हे तिला विचारून लिहावं. बऱ्याच ठिकाणी श्रीमती म्हटलं की लोक विधवा असाच अर्थ घेतात. आडनावाचा उच्चार अवघड असेल तर चिठ्ठी देताना एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या.

चिठ्ठी कार्यक्रमाच्या आधी तासभर द्यावी. आदल्या दिवशी दिली की ती कुठल्यातरी नारळाखाली जाते.

सराव

पूर्ण पाठ करू नका. पाठ केलेल्यात एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधल्यासाठी फक्त शब्द: गाव, मानकरी, घाट, हंडे. हे चार शब्द पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. साधा कागद वाऱ्यानं फडफडतो, हात थरथरत असेल तर तोही कागदावर दिसतो आणि ती खडखड माईकमध्ये जाते.

उभं राहून, मोठ्यानं, घराबाहेर म्हणा. खोलीत बसून केलेला सराव मैदानात उपयोगी पडत नाही, कारण उघड्यावर आवाज पसरतो आणि माणूस नकळत ओरडायला लागतो. ओरडलं की वेग वाढतो. एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून गावाबाहेरच्या कुणाला तरी ऐकवा आणि एकच प्रश्न विचारा: कुठलं गाव, कुठला तालुका? सांगता आलं नाही तर तिसरं वाक्य अजून सावकाश व्हायला हवं.

माईक, भोंगा, फेटा, नथ

माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली, थोडा तिरपा. नाकासमोर सरळ धरला तर प, फ, भ या अक्षरांना फटकारे बसतात. जाळीवर मूठ आवळू नका, आवाज बसका येतो आणि शिट्टीही लवकर सुटते. टिचक्या मारणं, फुंकर घालणं, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" हे सगळं तुमच्या वीस सेकंदांतून जातं. शिट्टी सुटली तर माईक हातानं झाकू नका, त्यानं ती वाढते. माईक घेऊन स्पीकरच्या तोंडासमोरून मागे सरका, ती आपोआप थांबेल.

भोंग्यांची व्यवस्था असेल तर आवाज घुमतो. त्याचं कारण साधं आहे: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दूरचा भोंगा शंभर मीटरवर असेल तर त्यातला शब्द तुमच्या कानाशी सुमारे तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो, आणि दोन भोंग्यांच्या मध्ये बसलेल्या माणसालाही तोच शब्द दोनदा ऐकू येतो. सलग बोललात तर मागचा आणि पुढचा शब्द एकमेकांवर चढतात. इलाज म्हणजे छोटी वाक्यं आणि प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास. गाव, तालुका, जिल्हा म्हणताना तर प्रत्येक शब्दानंतर थांबा. स्वतःचाच उशिरा येणारा आवाज ऐकून गडबडायला होतं, तेव्हा त्याकडे लक्ष न देता समोरच्या एखाद्या चेहऱ्याकडे बघून बोला.

फेटा यजमान बांधतात, आणि घाईत तो कानांवर ओढला जातो. कान झाकले की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो आणि आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज चुकतो. बांधून झाल्यावर दोन्ही कानांच्या पाळ्या बाहेर काढून घ्या, त्यात अपमान काही नाही. नथीचं वेगळं: मोती वरच्या ओठावर येतो, ओठ मिटताना तो आड येतो आणि माईकच्या जाळीला लागला की टकटक होते. घरचा सराव एकदा नथ घालून करावा, किंवा बोलायच्या वेळी माईक जरा खाली धरावा. सत्काराचा हार, शाल आणि नारळ हातात असताना बोलू नये. ते मागच्या माणसाकडे द्या; एका हातात माईक आणि दुसऱ्यात नारळ घेऊन उभा असलेला माणूस कार्ड कुठे धरणार?

ऐनवेळी

निवेदकानं गावाचं नाव चुकीचं घेतलं तर "निवेदकांनी चुकीचं सांगितलं" असं म्हणू नका. फक्त स्वतःचं तिसरं वाक्य दुप्पट सावकाश म्हणा. लोकांना कळतं, निवेदकालाही कळतं.

ढोल सुरू झाला तर त्याच्यावर बोलायचा प्रयत्न करू नका, ढोलच जिंकतो. माईक खाली धरून थांबा, हात जोडून उभे राहा. ढोल थांबला की तुम्ही जिथे होतात तिथून नाही, गावाच्या नावापासून पुन्हा.

आधीच्या गावानं तुमचंच वाक्य वापरलं, असंही होतं. एकाच देवाच्या वाटेवरची गावं सारखंच बोलतात. तेव्हा धाग्याचं पहिलं वाक्य सोडून द्या आणि त्यातला तपशील सांगा.

विसरलात तर मधलं सगळं सोडून शेवटच्या घोषावर जा. काय राहिलं हे तुम्हालाच ठाऊक आहे, मंडपाला नाही. घोष मात्र अर्धवट आवाजात देऊ नका. तो जेवढा खणखणीत, तेवढं उत्तर मोठं.

निवडणुकीचे दिवस असतील तर पक्ष, उमेदवार, "आमच्या गावच्या रस्त्याचं काम" यातलं काही तोंडातून जाऊ देऊ नका. आचारसंहितेत आयोजकांना त्याचा त्रास होऊ शकतो, आणि एरवीही यात्रेत ते ऐकायला कुणी आलेलं नसतं.

खाली उतरल्यावर

माईक चालूच असतो हे लक्षात ठेवून तो निवेदकाच्या हातात द्या, टेबलावर आपटू नका. व्यासपीठावर शिरताना चपला जिथे काढल्या तिथूनच खाली उतरा, नाहीतर पुढच्या गावाचा माणूस वर येताना तुम्ही अनवाणी वाट अडवून उभे.

गावाकडे परतल्यावर आठवड्याच्या आत कमिटीच्या वहीत चार ओळी लिहा: कुठे बोलायला मिळालं, किती वेळ मिळाला, यजमानांपैकी कुणी काय केलं, आणि कुठलं नाव घ्यायचं राहिलं. पुढच्या वर्षी बोलणारा दुसरा असेल, आणि राहिलेलं नाव पहिल्यांदा त्यालाच घ्यायचं आहे.